चार वाजताची कडी

१

दर शनिवारी सकाळचा चहा झाला की ती फॉर्म भरायला बसायची. फॉर्म दोन पानी. पहिल्या पानावर प्रश्न होते: शर्टाची आठ बटणं लावायला किती सेकंद लागले, खुर्चीतून उठताना आधार घेतला का, चालताना पाय कुठे अडले. दुसऱ्या पानावर घराचा नकाशा, तिनेच काढून दिलेला. पाय अडलेल्या जागी त्यावर लाल फुली मारायची. आणि सगळ्यात खाली एक रिकामी चौकट: ‘याखेरीज काही वेगळं आढळलं का?’

हे काम तिच्याकडे आलं त्याला कारण होतं. लग्नाला तीन महिने झालेले, आणि घरात नव्या आलेल्या माणसाच्या वाट्याला सहसा कुणालाच नको असलेलं काम येतं.

“मी आईबद्दल लिहिलं तर सगळं छानच लिहीन,” नवरा म्हणाला होता. “तू बाहेरची, तुला दिसेल.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं, आणि कानाच्या पाळ्या लाल करून तो तिच्यासाठी पाणी आणायला उठला. तिला तहान नव्हती. पण ती प्यायली.

दिसायचं मात्र तिला खरंच. एका फर्निचरवाल्यासाठी ती घरबसल्या कपाटांचे आणि ओट्यांचे आराखडे काढायची. भिंत बोटभर तिरकी असली तरी तिला चैन पडत नसे. बोलायची कमी. सासूबाई म्हणायच्या, “आमची सून मोजते फार, बोलते कमी. बरंय, उलटं असतं तर काय केलं असतं?”

सासूबाईंनी एकतीस वर्षं पोस्टात काढली होती, त्यातली शेवटची बारा पोस्टमास्तर म्हणून. निवृत्तीनंतर दोन वर्षांत हात थरथरायला लागले, मग पाय अडायला लागले. सपाट जमिनीवर धड चालायच्या, पण दाराशी आल्या की खिळल्यासारख्या उभ्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी युक्ती सांगितली होती: दारादारांत पांढरी चिकटपट्टी लावा, डोळ्याला रेघ दिसली की पाय ती ओलांडतो. खरंच ओलांडायचा. घरभर पट्ट्या झाल्या होत्या.

मग नव्या उपचाराची चाचणी निघाली. डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं. एका विषाणूच्या आतलं सगळं काढून टाकलंय, उरलंय नुसतं टरफल. त्यात नीट काम करणारं जनुक भरलंय. रक्तातून पाठवलं तर मेंदूच्या दाराशी पहारा असतो, तो आत सोडत नाही. म्हणून कवटीला बारीक भोक पाडायचं आणि नळीने थेट जागेवर न्यायचं.

“म्हणजे पाकीट चोराचं, पत्र आपलं,” सासूबाई म्हणाल्या, “आणि पोस्टमन मागच्या दाराने.”

डॉक्टर हसले. मग म्हणाले, “एक मात्र आहे. निम्म्या रुग्णांना औषध देत नाहीत. केस काढतात, कातडीला छेद देतात, हाडावर वरवर यंत्र फिरवतात आणि टाके घालतात. आत काहीच जात नाही. कुणाला काय मिळालं ते सहा महिने मलाही कळणार नाही. तुलना करायची तर दुसरा मार्ग नाही.”

“रिकाम्या पाकिटांवरही शिक्के मारलेत मी,” सासूबाई म्हणाल्या. “कुठे सही करू?”

२

ऑपरेशननंतर अठराव्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून सरळ बाहेर आल्या. अडल्या नाहीत, खाली बघितलं नाही. हातात कप होता आणि चहा बशीत सांडला नव्हता.

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. बोललं तर उतरेल, असं काहीतरी तिघांनाही वाटलं असावं.

त्या आठवड्यात बटणांचे सेकंद निम्म्यावर आले. पुढच्या आठवड्यात नकाशावर एकही लाल फुली नव्हती. नवऱ्याने गुडघ्यांवर बसून दारादारांतल्या पट्ट्या नखाने खरवडून काढल्या. चिकटपट्टीचा चिकट गोळा त्याने बराच वेळ तळहातावर धरून ठेवला होता.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता सासूबाई हॉलमधून चालल्या होत्या आणि खोलीच्या बरोबर मधोमध त्यांनी उजवा पाय उचलला. चांगला वीतभर. पलीकडे टेकला, मग डावा तसाच उचलून नेला. उंबरठा ओलांडतात तसा. आणि पुढे गेल्या.

तिथे उंबरठा नव्हता. पट्टीसुद्धा कधी नव्हती. सपाट फरशी होती, तिनेच सकाळी पुसलेली.

सवय, तिने स्वतःला सांगितलं. इतके महिने रेघा ओलांडल्यात, रेघा गेल्या तरी पाय उचलणारच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकतो.

पण दुसऱ्या दिवशी चार वाजता सासूबाईंनी पाय तिथेच उचलला. तिसऱ्या दिवशीही. तिने सोफ्याच्या पायापासून टेप लावून अंतर मोजलं. एकशे अडतीस सेंटीमीटर. सवयीचं पाऊल कधी दोन बोटं पुढे पडतं, कधी मागे. हे पडत नव्हतं.

शनिवारी ती चौकटीपाशी थांबली. सासूबद्दल सुनेने लेखी काय लिहायचं? आणि तेही हॉस्पिटलच्या कागदावर, कायमचं. आईंना भास होतात, म्हणून? चाचणीतून काढून टाकलं तर?

तिने लिहिलं, ‘नाही.’

३

फॉर्मच्या नकाशाची एक जास्तीची प्रत तिच्याकडे होती. पेन्सिलीने तिने त्यावर उंबरठा काढला, आपला उगीच, हाताला चाळा म्हणून.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. उंबरठ्यानंतर सासूबाईंचा डावा हात खांद्याच्या उंचीवर जायचा आणि हवेतून सरकत राहायचा, भिंतीला धरून चालतात तसा. तीन मीटर. मग मान किंचित वाकायची आणि पुन्हा सरळ व्हायची. तिथे डोक्याशी काहीतरी आडवं असावं. मग उजवीकडे वळण, म्हणजे नवराबायकोच्या खोलीत. तिथे त्या तीन वेळा थांबत थांबत पाऊल टाकायच्या, टाच आधी, जपून. तिच्या कामाच्या टेबलाशेजारच्या कोऱ्या भिंतीपुढे उभ्या राहायच्या. डोकं कलतं करून ऐकायच्या. हात पुढे करून काहीतरी करायच्या, पाठमोऱ्या असल्यामुळे ते दिसायचं नाही. आणि आल्या वाटेने परत.

घराच्या नकाशावर दुसऱ्या घराचा नकाशा उमटत गेला. एक उंबरठा, एक बोळ, एक तुळई, तीन पायऱ्या, एक दार. तो बारीक रेघेचा नकाशा तिच्या आजवरच्या आराखड्यांइतकाच नेटका होता, आणि तिला तेच आवडलं नाही.

ती खाली रस्त्यावर गेली आणि त्या भिंतीची बाहेरची बाजू बघून आली. तिसऱ्या मजल्याची सरळसोट भिंत, एक पाण्याचा पाइप, त्यावर दोन कबुतरं. दारापलीकडे जागा म्हणून नव्हती. नुसती हवा आणि खाली चष्म्याच्या दुकानाची पाटी.

“आई, रोज चारलाच का फिरता?” तिने एकदा विचारलं.

“अगं, एकतीस वर्षं चार वाजता टपालाची शेवटची पिशवी बंद केली. सील करायचं, मागचं दार लावायचं. आता अंगातच बसलंय.”

“आणि हॉलमध्ये पाय उचलता ते?”

“उचलते का?” सासूबाई हसल्या. “बरंय की. उचलतोय तरी.” मग पायातली सपात काढून त्यांनी पाऊल पुढे केलं. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं होतं, जुनं, आता मुळाकडून पांढरं येत होतं. “पहिल्या दिवशी ठेचकाळले ना. तेव्हापासून बघून चालते.”

“कशावर ठेचकाळलात?”

सासूबाईंनी सपात घातली. “भाजी कोणती करतेस?” त्या म्हणाल्या.

त्या दुपारी ती टेबलापाशी बसूनच राहिली. सासूबाई आल्या, जपून पाऊल टाकलं. एक, दोन, तीन. मागे कपाट होतं, त्याची पितळी मूठ तिनेच बसवून घेतलेली, जमिनीपासून बरोबर एकशे दहावर. सासूबाईंचं डोकं त्या मुठीच्या वर होतं. मग मुठीशी आलं. मग मुठीच्या खाली गेलं.

पाठ वाकली असेल, तिने विचार केला. वयच आहे. तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. पाठ ताठ होती. गुडघेही.

शनिवारी तिने लिहिलं, ‘नाही.’ आता इतक्या आठवड्यांनी एकदम ‘हो’ लिहायचं म्हणजे आधीचं सगळं खोटं होतं असं झालं असतं.

४

नवऱ्याला तिने सांगून बघितलं. रविवारी दोघं दुचाकी धूत होते.

“आई चालताना कुठेतरी दुसरीकडे असल्यासारख्या चालतात,” ती म्हणाली.

“चालते ना?”

“चालतात. पण...”

“मग झालं तर!” त्याने फडकं पिळलं. “मागच्या वर्षी या दिवसांत मी तिला उचलून न्हाणीघराच्या दारातून आत नेत होतो. आता ती मला ओरडते, मोजे कुठेही टाकतोस म्हणून. तू ना, तुला सरळ भिंतीतही पोक दिसतो.”

“असतो तेव्हाच दिसतो,” ती म्हणाली. पण त्याचं तोंड इतकं निवांत होतं की तिने पुढे काही काढलं नाही. मडगार्ड पुसलं.

पुढच्या बुधवारी फर्निचरवाल्याचा फोन आला. आराखड्यात कुणाच्यातरी फ्रिजची जागाच सुटली होती. फोन कानाला लावून बोलत बोलत ती हॉलमधून खिडकीकडे गेली. खिडकीशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की मघाशी मधोमध आपण पाय उचलला.

“ताई, ऐकताय ना?” फर्निचरवाला म्हणत होता. “बाई म्हणतात, फ्रिज काय डोक्यावर ठेवू?”

“ऐकतेय,” ती म्हणाली.

एकाने जांभई दिली की दुसऱ्याला येते. सासूचं वळण सुनेला लागतं, हे तर सगळं जग सांगतं. तिने फोन ठेवला आणि मुद्दाम पाय न उचलता परत निघाली, सरळ, फरशीला घासत. एकशे अडतीसाच्या थोडं अलीकडे ती थांबली. मग सोफ्यामागून वळसा घालून गेली.

५

सहा महिने झाले तेव्हा तिघांना बोलावणं आलं. डॉक्टरांनी लिफाफा फोडला, वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

“तुम्हाला औषध मिळालेलं नाही,” ते म्हणाले. “तुम्ही दुसऱ्या गटात होतात. हाडाला भोकसुद्धा पाडलेलं नाही.”

नवरा हसला. हसू थांबलं तेव्हा त्याला ते कुठे ठेवावं कळेना. “मग ही चालते कशी?”

“आशा,” डॉक्टर म्हणाले. “या आजारात आशेचा परिणाम मोठा असतो. आम्ही पाहिलंय. टिकत नाही फार.”

तिच्या मनात आलं, आडातच नव्हतं तर पोहऱ्यात आलं कुठून? इतके दिवस तिने सगळं औषधावर ढकललं होतं. चुकीच्या पत्त्यावर गेलं असेल, जास्त गेलं असेल. आता ढकलायला काही उरलं नव्हतं. आत कुणी काही ठेवलं नव्हतं. तरी काहीतरी होतं.

“आनंदाची गोष्ट म्हणजे,” डॉक्टर सांगत होते, “तुमच्या गटातल्यांना आता खरं औषध देता येतं. यांना तर पुढच्याच आठवड्यात. चोवीस आठवड्यांचे फॉर्म इतके स्वच्छ आहेत की चाचणीच्या समितीने एक प्रश्नही विचारला नाही.” ते तिच्याकडे बघून म्हणाले, “काही वेगळं आढळलं नाही ना तुम्हाला? असेल तर अजून सांगता येईल. मग आम्ही थांबू.”

चोवीस वेळा ‘नाही’. तिने पर्स उघडली, घडी केलेला नकाशा काढला आणि टेबलावर पसरला.

“हे काय?” नवरा म्हणाला.

“आई रोज चार वाजता अशा चालतात. घरात नसलेल्या घरातून.” आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला.

डॉक्टर नकाशावर वाकले. पेनाचं टोक त्यांनी उंबरठ्यावर ठेवलं, बोळातून हळूहळू नेलं. तुळईशी आल्यावर त्यांची मान किंचित खाली गेली. पायऱ्यांशी पेन थांबलं.

“तीन नाहीत,” ते म्हणाले. “चार आहेत.”

“शेवटची मोडकी आहे,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “मी तिच्यावर पाय देत नाही.”

डॉक्टरांनी मान वर केली. कुणीतरी हाक मारल्यासारखे डोळे मिचकावले आणि कागद गोळा करून तिच्या हातात दिला. “छान काढता हो तुम्ही! कपाटाचं आहे का? हां, तर काय म्हणत होतो मी... काही वेगळं नाही ना?”

“नाही, नाही,” नवरा घाईने म्हणाला. “डॉक्टर, नुसत्या आशेने एवढं, तर औषधाने काय होईल!”

सासूबाईंनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. मग सही केली. हात अजिबात थरथरला नाही.

बाहेर नवरा औषधं आणायला गेला, तेव्हा दोघी बाकावर बसल्या होत्या.

“ज्या घराच्या दारात पत्र घ्यायला भलताच कुणी उभा असतो ना,” सासूबाई म्हणाल्या, “तिथे आम्ही रजिस्टर पत्र टाकत नव्हतो. परत आणायचो.”

“मग सही का केलीत, आई?”

“तोंड बघितलंस त्याचं?” त्यांनी तिच्या मांडीवर हात ठेवला. “ऐक. मी रोज त्या दाराची कडी लावून येते. दुसरं काही नाही. रात्रीतून ती सैल होते, चारपर्यंत निघायला येते. ऑपरेशनच्या दिवशी मला येता येणार नाही.”

तिने काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की काय, हीच भीती होती.

“लागलीय असं वाटतं नुसतं,” सासूबाई म्हणाल्या. “ढकलून बघायची.”

६

ऑपरेशनच्या दिवशी सासूबाईंचं डोकं तुळतुळीत केलेलं होतं आणि त्या नेहमीपेक्षा लहान दिसत होत्या.

“तू घरी जा,” त्या तिला म्हणाल्या. “वीज-मीटर बघायला माणूस यायचाय. हा थांबेल इथे.”

“मीटरचं काय घेऊन बसलीस आज?” नवरा म्हणाला. “राहू दे की तिला.”

“तू गप रे. माझी सून, मी कुठेही पाठवीन.” आणि मग तिला, हळूच: “चौथी मोडकी आहे.”

ती घरी आली तेव्हा साडेतीन झाले होते. उन्हाचा पट्टा हॉलमध्ये पडला होता. टेबलावर या आठवड्याचा कोरा फॉर्म होता. तिने फोन त्याच्यावर ठेवला, मोजायच्या फिती आणि पट्ट्या जागच्या जागी लावल्या, एका कपाटाचा आराखडा अर्धा काढला. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. चार वाजता उठायचं, भिंतीला हात लावायचा, भिंत लागेल, हसायचं आणि आईंचे कपडे पिशवीत भरायचे. एवढंच.

चार वाजता ती हॉलमध्ये गेली.

उंबरठा तिच्या पायाला आधी लागला, मग तिने पाय उचलला. लाकडी होता. बोळाची भिंत डाव्या हाताला खरखरीत आणि गार होती. तुळईपाशी तिने मान वाकवली नाही, मुद्दाम, आणि कपाळाला काहीतरी टणकन लागलं. डोळ्यांत पाणी आलं. पुढे उजवीकडे. तिची खोली तशीच दिसत होती, पलंग, कपाट, खिडकीतलं ऊन. एक. दोन. तीन. चौथी तिने ओलांडली.

टेबलाची कड तिच्या हनुवटीशी आली होती.

समोर कोरी भिंत होती. तिने हात पुढे केला आणि बोटांना कडी लागली. लोखंडी, जाड, आणि निघालेली.

ती ढकलायला लागली. अर्धी गेली आणि थांबली. गंज असेल. तिने दोन्ही हात लावले, पाऊल रोवलं. कडी बोटभर पुढे गेली आणि तेवढीच मागे आली. हिसका नव्हता. पलीकडून कुणीतरी सावकाश ओढत होतं, घाई नसलेल्या माणसासारखं, बोलावणं आलेलं आहे आणि जायचंच आहे अशा खात्रीने.

टेबलावर फोन वाजला. तिच्या डोळ्यांच्या रेषेत तो होता, हातभर अंतरावर. नवऱ्याचं नाव. वाजून वाजून थांबला, मग पुन्हा वाजला. तो काय सांगणार ते तिला ठाऊक होतं: सगळं छान झालं, औषध अगदी बरोबर जागेवर पोचलं.

हात काढला तर फोन घेता आला असता.

फोन वाजायला लागला की पलीकडचं ओढणं थांबायचं. ऐकत असावं. थांबला की पुन्हा सुरू व्हायचं, मघापेक्षा जरा जास्त.

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा कडी पुन्हा स्थिर झाली. एकेक घंटा मोजत, वाजणं संपायच्या आत ती ढकलायला हवी होती. तिने खांदा टेकवला, आणि दारापलीकडून, अगदी तिच्या कानाच्या उंचीवरून, तिच्याबरोबर कुणीतरी घंटा मोजत असल्याचं तिला ऐकू आलं.